विश्लेषण : आलेखात गर्दीबाहेर पडलेला ठिपका चूक की इशारा? महालनोबिस यांचे सूत्र काय सांगते?

देशात २००७ पासून २९ जून हा राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. १८९३ मध्ये याच दिवशी कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार ही त्यांची देशातील ओळख. डेटावर काम करणारे मात्र जगभर त्यांचे नाव घेतात ते ‘महालनोबिस अंतर’ या सूत्रामुळे.

आकड्यांकडे कसे वळले?

महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे. केंब्रिजमधील शिक्षण संपवून १९१५ मध्ये ते मायदेशी निघाले, पण महायुद्धामुळे जहाजाला उशीर झाला. त्या दिवसांत संख्याशास्त्राचे ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक त्यांच्या हाती पडले. त्याचे अंक घेऊनच ते परतले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले.

नागपूरमध्ये काय घडले?

१९२० मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी त्यांच्यावर एक काम सोपवले. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराच्या मोजमापांचा अभ्यास करायचा होता. दोन मानवसमूह एकमेकांच्या किती जवळचे, हे मोजायचे कसे, या प्रश्नावर ते पुढे अनेक वर्षे काम करत राहिले. १९३६ मध्ये त्यांनी या अंतरावरील प्रसिद्ध शोधनिबंध मांडला.

सूत्र नेमके काय?

समजा, आलेखाच्या आडव्या अक्षावर उंची आणि उभ्या अक्षावर वजन आहे. उंचीसाठी १५० ते १८५ सेंटिमीटर आणि वजनासाठी ४५ ते ९० किलो अशा सीमारेषा आखल्या. बाहेरचे ठिपके गाळले. पण १८३ सेंटिमीटर उंच आणि ४६ किलो वजनाची व्यक्ती या चौकटीत आरामात बसते! दोन्ही आकडे वेगवेगळे पाहिले तर ठीक, एकत्र पाहिले तर खटकणारे.

उंची वाढते तसे वजनही वाढते, त्यामुळे ठिपक्यांची गर्दी तिरकी पसरते. महालनोबिस अंतर हे नाते हिशेबात धरते. त्यामुळे सीमा चौकोनी न राहता तिरक्या लंबवर्तुळाची होते आणि तो ठिपका बाहेर पडतो.

बाहेरचा ठिपका काढून टाकायचा का?

लगेच नाही. ओडिशात १९२६ मध्ये मोठा पूर आला. नदीचे पात्र वर आले असून बंधारे उंच करावेत, असे अभियंत्यांचे मत होते. महालनोबिस यांनी सुमारे ६० वर्षांच्या पाऊस आणि पुराच्या नोंदी एकत्र तपासल्या. पात्र वर आलेले नव्हते. नदीच्या वरच्या भागात झालेला प्रचंड पाऊस हे पुराचे कारण होते. नुसती पाणीपातळी पाहिली असती, तर उपाय चुकीच्या ठिकाणी झाला असता.

वारसा काय?

१९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पाहणीत एकाच भागाची माहिती दोन स्वतंत्र पथकांकडून घेण्याची पद्धत त्यांनी रुजवली. दोन्ही पथकांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, की चूक कुठे झाली हे शोधता येई.

७९व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, २८ जून १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. बँकेच्या व्यवहारांतील फसवणूक किंवा यंत्रातील बिघाड शोधताना आजही त्यांचे सूत्र वापरले जाते. ते ठिपका दाखवते. तो पुसायचा की त्याची चौकशी करायची, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.