पदवीनंतरची शाळा : सर विश्वेश्वरय्यांची नोकरी



मुलगा इंजिनिअर झाला म्हणजे गंगेत घोडे न्हाले, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. प्रवेशाची धावपळ, फीसाठी काढलेले कर्ज, आणि एकदा पदवीचा कागद हाती आला की सुटकेचा श्वास! परंतु नोकरीत वरिष्ठांशी कसे वागावे, काम अडले तर काय करावे, नोकरी केव्हा सोडावी, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. म्हणून आज आपणांस एका थोर इंजिनिअरच्या नोकरीची हकीकत सांगावयाची आहे. धरणे बांधणारे म्हणून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सर्वांना ठाऊक आहेत. येथे आपण त्यांच्याकडे एक नोकरदार माणूस म्हणून पाहू.

त्यांचा जन्म कर्नाटकातील मुद्देनहळ्ळी या खेड्यातला. वडील संस्कृतचे जाणकार, पण घरची गरिबी. आणि वडिलांचे छत्रही लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात ते शिकवण्या करून शिकले व १८८१ साली बी. ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये येऊ शकले. १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. पालकहो, ती शिष्यवृत्ती मिळाली नसती तर हा मुलगा पुण्याला पोहोचलाच नसता. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेवर भरणे ही गोष्ट म्हणूनच लहान समजू नका.

पदवीनंतरचा पहिला धडा त्यांना आपल्या खानदेशात मिळाला. धुळ्याकडे एका नदीच्या प्रवाहाखालून नळाचा सायफन टाकावयाचा होता. पाटाचे पाणी नळातून पात्राखालून पलीकडे न्यावयाचे, असे ते काम. पण पावसाळा सुरू झाला. पूर आणि वाळू यांनी काम अडू लागले. तेव्हा या तरुण इंजिनिअरने पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ते आवडले नाही. कामाच्या प्रारंभीच हा मनुष्य हुकूम टाळतो आहे, असा त्यांचा ग्रह झाला.

तुम्ही त्या जागी असता तर काय केले असते? रुसून बसला असता, की मनात राग धरून कसेबसे काम उरकले असते? विश्वेश्वरय्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी भर पावसाळ्यात काम पुढे नेले आणि पुरे केले. वरिष्ठांचे मतही मग बदलले. यातून घ्यावयाचे ते इतकेच की, अडचण दिसली तर ती वेळीच आणि स्पष्टपणे सांगावी. ते आपले कर्तव्यच आहे. सांगून झाल्यावर निर्णय आपल्या विरुद्ध गेला, तरी कामात कसूर करू नये. मजुरांच्या जिवाला धोका असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तेथे पुन्हा पुन्हा सांगितलेच पाहिजे.

दुसरा धडा सिंधमधील सक्कर गावचा. तेथील लोकांना सिंधू नदीचे गढूळ पाणी प्यावे लागे. पाणी गाळण्याची मोठी यंत्रणा उभारण्याइतका पैसा नगरपालिकेपाशी नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वाळूचाच गाळणीसारखा उपयोग केला. पात्रात विहीर खोदून वाळूतून झिरपलेले पाणी त्यांनी घेतले. १८९५ मध्ये ही योजना पुरी झाली. साधने कमी आहेत ही तक्रार कोठेही नोकरी केली तरी असणारच. आहे त्यातून मार्ग काढणारा तोच खरा इंजिनिअर.

पुढे पुण्याजवळ खडकवासला येथे त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत, पातळी उतरली की मिटत. त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी साठू लागले. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावे होते. परंतु सरकारी नोकर या नात्याने केलेल्या कामाचे मानधन घेणे त्यांना योग्य वाटले नाही. हाताखालून लाखोंची बिले जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही गोष्ट मनाशी जपावी.

एवढे करूनही चीफ इंजिनिअरची खुर्ची त्या काळी हिंदी माणसाला मिळण्याची आशा नव्हती. ते कुढत राहिले नाहीत. १९०८ मध्ये त्यांनी स्वखुशीने निवृत्ती घेतली. त्याच सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची दाणादाण उडाली, हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने त्यांना बोलाविले. १९०९ मध्ये त्यांनी पाहणी करून शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधण्याची शिफारस केली. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव त्यातूनच उभे राहिले. एक दार बंद झाले तर हुन्नर असलेल्या माणसासाठी दुसरे उघडते, याचा हा दाखला आहे.

म्हैसूर संस्थानात ते प्रथम चीफ इंजिनिअर आणि १९१२ पासून दिवाण झाले. कृष्णराजसागर धरण, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे इंजिनिअरिंग कॉलेज ही कामे त्या काळातली. मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत जागा राखाव्यात की नाही, यावर महाराजांशी त्यांचे मतभेद झाले. राखीव जागांना त्यांचा विरोध होता. आपल्यापैकी पुष्कळांना, आणि प्रस्तुत लेखकालाही, ते मत पटत नाही. ज्याला स्वतःला शिष्यवृत्तीचा हात मिळाला, त्याने इतरांच्या हाताचाही विचार करावयास हवा होता. परंतु मत सोडून पद राखण्यापेक्षा त्यांनी पद सोडले, हेही नोंदले पाहिजे. १९१८ मध्ये ते दिवाणगिरीतून बाहेर पडले.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वयाची शंभरी ओलांडून १४ एप्रिल १९६२ रोजी ते निवर्तले. त्यांचा १५ सप्टेंबर हा जन्मदिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या नोकरीत तुम्हांला मोठे धरण कोणी देणार नाही. एखादा नळ, एखादी मोरी, एखाद्या यंत्राची देखभाल एवढेच वाट्याला येईल. तेव्हा धुळ्याकडचा तो सायफन आठवा. आणि पालकहो, मुलाचा पहिला पगार किती, हे विचारण्याआधी तेथे त्याला काय शिकावयास मिळते, हे एकदा विचारा.