बेळगावचा सायकलवाला : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावात किर्लोस्कर रोड ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. दसरा-दिवाळीच्या खरेदीला आपण तिथे जातो, गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून कुरकुरतो आणि परत येतो. त्या नावामागचा माणूस या शहरात सायकली विकत होता आणि लोकांना त्या चालवायला शिकवत होता, हे मात्र आपल्या मुलांना सांगायचे राहून जाते. यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने उद्योगावर काही लिहा असे सुचवले, तेव्हा दूरच्या एखाद्या कंपनीपेक्षा घरचाच माणूस घ्यावा असे वाटले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. एवढ्याशा गावाने रंगभूमी आणि कारखाना दोन्ही दिली, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. लक्ष्मणरावांचे शाळेत मन रमले नाही. त्यांना दोनच नाद होते, चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे. म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे कळले की त्यांना काही रंगांतला फरक नीट दिसत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाला याहून मोठा धक्का कोणता? त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तिथल्या वर्कशॉपमध्ये कुठले यंत्र अडले की यांचे हात काळे झालेच म्हणून समजा.

मुंबईत असतानाच त्यांना सायकलीचे वेड लागले. धंद्याची वाटणी अशी होती की यांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे रामूअण्णा, यांनी बेळगावात त्या विकायच्या. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात 1888 पासून धरतो, ती याच दुकानापासून. दरम्यान संस्थेत बढतीची वेळ आली आणि ती यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. मी स्वतः राज्य सरकारच्या नोकरीत आहे. बढती हुकली तर अर्ज करायचा, पुढच्या यादीची वाट पाहायची, हे आमच्या हाडीमाशी मुरलेले. पक्की नोकरी सोडून सायकलीच्या दुकानावर संसार टाकणे म्हणजे काय, हे नोकरदाराच्या घरात निराळे सांगावे लागत नाही.

सायकली विकता विकता त्यांचे लक्ष शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. इथे त्यांच्या आयुष्यातली खरी परीक्षा सुरू झाली, कारण नांगर तयार झाले आणि पडून राहिले. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे गेली. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरते, असा समज शेतकऱ्यांत होता. आपण आज हे ऐकून हसतो. मला ते हसणे बरोबर वाटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, मोडला तर तोच दुरुस्त करी. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, जास्त बैल हवेत आणि तो बिघडला तर गावात कोणालाच त्यातले काही कळत नसे. पीक बुडाले तर वर्षभर खायचे काय? म्हणजे जोखीम फक्त कारखानदाराची नव्हती. नवे यंत्र आणणारा भांडवल पणाला लावतो, पण ते पहिल्यांदा विकत घेणारा आपले वर्ष पणाला लावतो. लक्ष्मणरावांचे मोठेपण मला यात दिसते की त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून विषय संपवला नाही, ते आपल्या नांगरातच खोट शोधत राहिले.

खोट होतीही. नांगराचे टोक, म्हणजे फाळ, लवकर झिजत असे. इथे थोडे यंत्रशाळेतले सांगतो. बिडाचे ओतकाम सावकाश निवाले तर ते मऊ पडते आणि झटकन निवाले तर कडक होते. मऊ फाळ दगडाळ जमिनीत झिजतो. फार कडक केला तर तडकतो. या दोन्हींच्या मधली जागा साधणे हे पुस्तकातून येत नाही, ओतून, मोडून, पुन्हा ओतूनच येते. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात हा धडा एका तासात संपला होता. लक्ष्मणरावांना आणि त्यांच्या माणसांना त्यासाठी भट्टीसमोर किती घाम गाळावा लागला असेल! फाळ सुधारला, तक्रारी कमी झाल्या, आणि हरळीने गांजलेल्या काळ्या जमिनीत खोल नांगरटीचा गुण शेजारच्या शेतकऱ्याला बांधावरून दिसू लागला. विलायती नांगरापेक्षा हा स्वस्त, शिवाय सुटे भाग इथलेच. गिऱ्हाइकाची भीती दूर होते ती अशी, नुसत्या जाहिरातीने नव्हे.

एवढ्यात बेळगाव नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडायला सांगितले. गावाची वाढ व्हायची होती, वस्ती यायची होती. नुकता कुठे धंदा उभा राहत होता आणि भट्टीसकट उठायची पाळी आली. आपल्या शहराच्या इतिहासातले हे पान फारसे सुखाचे नाही. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. काहीजण म्हणतात, राजाची मेहेरबानी झाली म्हणून निभावले. मेहेरबानी झालीच, पण ती जमीन पाहायला हवी होती. 32 एकर माळ, निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. 1910 च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार आपली कुटुंबे घेऊन तिथे राहायला आले. बिनभरवशाच्या धंद्यामागे, बिनपाण्याच्या माळावर, बायकामुलांसह! लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्या सगळ्या घरच्या बायकांनी त्या माळावर चुली मांडल्या म्हणून वाडी वसली. उद्योगाच्या इतिहासात त्यांची नोंद एखाद्या ओळीपुरतीच होते.

माणसे निवडण्याची त्यांची रीत आजच्या मॅनेजरला पटणार नाही. शंभूअण्णा जांभेकरांसारख्या हुन्नरी माणसावर यंत्रांचा भार टाकला, तो त्याचे हात पाहून. तुरुंगवास भोगलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. ज्याला कोणी दारात उभे करत नाही त्याच्या हाती तिजोरीचे गाव सोपवायचे, ही जोखीम नांगरापेक्षा मोठी म्हणावी लागेल. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. त्या काळी आजूबाजूच्या गावांत हे सहज खपले असेल असे मानायचे कारण नाही.

1914 साली महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर यायचे बंद झाले, म्हणजे बाजार मोकळा. पण लोखंड आणि कोळसाही बंद! मागणी दारात उभी आणि भट्टीत घालायला काही नाही. मग मोडके लोखंड गोळा केले, दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून पाहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. किल्ल्यावर गंजत पडलेल्या तोफेचा फाळ होऊन तो काळ्या मातीत उतरला, ही गोष्ट माझ्या मते प्रत्येक मराठी पाठ्यपुस्तकात हवी.

पुढचे थोडक्यात सांगतो. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचे जे वार्तापत्र सुरू केले, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि मागोमाग ‘स्त्री’ व ‘मनोहर’. आपल्यापैकी कित्येकांच्या आजीच्या ट्रंकेत त्यांचे अंक असतील. नांगरानंतर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि मोटेची जागा घेणारे पंप आले. मुलगा शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेत एम. आय. टी.ला शिकायला पाठवले. वर्गात न रमलेल्या बापाने हे केले, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट. पुढच्या पिढीने हरिहर, बंगळूर आणि पुण्यात कारखाने काढले.

1948 च्या फेब्रुवारीत, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीला आग लावली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ज्या माणसाने वाडीत जात पाहू दिली नाही, त्याच्याच कारखान्यावर जातीपायी जाळपोळ व्हावी! धंद्याच्या हिशेबात माल पडून राहणे, कोळसा न मिळणे, जागा जाणे हे सगळे धरता येते. शेजारच्या गावचे लोक पलिते घेऊन येतील हे कोणी कोणत्या रकान्यात मांडावे? कारखाना पुन्हा उभा राहिला, भट्ट्या पेटल्या. मनाचे काय झाले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक.

26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. जन्मशताब्दीला, 1969 साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे. बेळगावहून पुण्याला रेल्वेने जाताना मिरज, सांगली, भिलवडी गेले की ते लागते. वाडी स्टेशनला लागूनच आहे.