विश्लेषण : आधी प्रवासी की आधी थांबा? माळावरच्या स्टेशनभोवती गाव वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-कोल्हापूर ‘वंदे भारत’ सुरू झाली, तेव्हा तिच्या मोजक्या थांब्यांत सातारा, कराड, सांगली आणि मिरजेच्या जोडीला एक छोटे नाव होते, किर्लोस्करवाडी. ना जिल्ह्याचे ठिकाण, ना तालुक्याचे. १९१० पूर्वी तर या नावाचे गावच नव्हते. होते ते फक्त ‘कुंडल रोड’ नावाचे स्टेशन आणि भोवती निवडुंगाने भरलेला माळ. या स्टेशनला गाव कसे मिळाले, ते सांगायचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगावी लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते?

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकलेचा मार्ग बंद झाला. यंत्रांचे आराखडे काढायला मात्र रंग लागत नाहीत. लक्ष्मणराव यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये तो विषय शिकवू लागले.

तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तिथे मोठे भाऊ रामुअण्णांसोबत त्यांचे सायकलचे दुकान होते. सायकलींबरोबर कडबा कापायची यंत्रे आली आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

नांगराला गिऱ्हाईक का मिळेना?

लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्यांना लोखंडाची भीती वाटत होती. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. तयार नांगर बराच काळ पडून राहिले. त्या वेळी कोणी विक्रीचे आकडे पाहिले असते, तर लोखंडी नांगराला मागणीच नाही, असाच निष्कर्ष निघाला असता. लक्ष्मणरावांनी निष्कर्ष वेगळा काढला. शेतकऱ्याला नांगर नको आहे असे नाही, त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. त्यांनी नांगरात सुधारणा केल्या, उत्पादन चालू ठेवले आणि हळूहळू खप वाढला.

धंदा मार्गी लागत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. कारखाना हलवणे भाग होते. जायचे कुठे, हा प्रश्न होता.

कुंडल रोडच का निवडले?

मदतीला आले औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे आजच्या सातारा जिल्ह्यातील छोटे संस्थान. त्याची गावे सलग नव्हती, इंग्रजी आणि इतर संस्थानी मुलखात विखुरलेली होती. कुंडल हा त्यातलाच एक तुकडा. बाळासाहेबांनी संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले आणि १० हजार रुपये कर्ज दिले.

राजधानी औंधला होती, पण औंधला रेल्वे नव्हती. कुंडल रोडला होती. पुण्याहून सातारा, कराडच्या बाजूने मिरज आणि पुढे बेळगावकडे जाणारा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकात तयार झाला होता. कारखान्याला कच्चे लोखंड आणि कोळसा बाहेरून आणावा लागणार होता, तयार नांगर दूरवर पाठवावे लागणार होते. बैलगाडीवर हा धंदा चालला नसता. शिवाय बेळगाव याच मार्गावर होते.

मिळालेली जमीन ३२ एकर होती. माळरान, निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आणि त्यांचे सहकारी इथे उतरले. आधी तात्पुरता निवारा उभा राहिला, मग कारखाना, घरे, शाळा, दवाखाना. युरोप-अमेरिकेतील औद्योगिक वसाहतींबद्दल लक्ष्मणरावांनी वाचले होते. कामगार कारखान्याजवळ नीट राहावा, असा त्यांचा आग्रह होता. वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीचे काम दिले.

१९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झाले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे आणि पाण्याचे पंप बनू लागले. पुढे स्टेशनचेही नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. सहसा गावावरून स्टेशनला नाव मिळते. इथे आधी स्टेशन आले, मग गाव आले आणि गावाने स्टेशनचे नाव बदलले.

१९४८ मध्ये काय झाले?

गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावण्यात आली. कारखान्याचे प्रचंड नुकसान झाले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. तोवर हरिहर, बंगळूर आणि पुण्यात समूहाचे नवे कारखाने उभे राहिले होते. किर्लोस्करवाडी सोडून जाणे सोपे होते. तरीही कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. कुंडलचा परिसर दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला. याच जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये सांगली झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

आजच्या थांब्यांशी याचा काय संबंध?

सातारा-सांगली पट्ट्यात रेल्वेकडे सर्वाधिक होणारी मागणी थांब्याचीच असते. ती मान्य करणे रेल्वेला सोपे नसते. वेगातली गाडी थांबवून पुन्हा वेगात आणायला मिनिटे जातात, इंधन किंवा वीज जाते. एकेरी मार्गावर एक गाडी रेंगाळली, की समोरची गाडीही क्रॉसिंगसाठी ताटकळते. म्हणून अनेकदा आधी प्रायोगिक थांबा दिला जातो, तिथली तिकीटविक्री पाहिली जाते आणि मग तो चालू ठेवायचा की नाही, ते ठरते.

हिशेब वाजवी आहे, पण त्यात एक त्रुटी आहे. विकलेली तिकिटे आजचा प्रवासी दाखवतात. गाडीची वेळ सोयीची नाही म्हणून एसटीने जाणारा माणूस त्या आकड्यात येत नाही.

भाड्याचेही तसेच. करोनानंतर पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागू झाले आणि किमान तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपये झाले. दरम्यान, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागू झाले होते. ताकारी, भिलवडी किंवा नांद्रेहून सांगलीला रोज ये-जा करणाऱ्यासाठी ३० आणि १० रुपयांतला फरक महिनाअखेरीस मोठा होतो. त्या काळात एखाद्या स्टेशनची विक्री घटली असेल, तर ती मागणी घटल्याने की भाडे वाढल्याने, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

मग मागणी मोजायची कशी?

मार्च १९१० मध्ये कुंडल रोडची तिकीटविक्री पाहून निर्णय घेतला असता, तर तिथे कारखाना उभा राहिला नसता. लक्ष्मणरावांनी स्टेशनवर आज किती लोक चढतात, हे पाहिले नाही. स्टेशनजवळ काय उभे राहू शकते, हे पाहिले.

याचा अर्थ प्रत्येक स्टेशनला थांबा मिळाला, की गाव भरभराटीला येते, असा नाही. याच मार्गावर रेल्वे आली तशीच राहिलेली अनेक छोटी स्टेशने आहेत. किर्लोस्करवाडीला कारखाना, घरे आणि शाळा स्टेशनला लागून उभी राहिली, म्हणून प्रवासीही वाढले. सातारा आणि कराडची स्टेशने शहराबाहेर आहेत. तिथे गाडी कितीही वेगाने पोहोचली, तरी स्टेशनपासून घरापर्यंतच्या रिक्षाचा खर्च प्रवासी तिकिटात धरतोच.

त्यामुळे थांबा मागणाऱ्या गावाने तिकिटांच्या आकड्यांसोबत आणखी काही मांडायला हवे. कारखान्याच्या पाळ्या कधी सुटतात, कॉलेज किती वाजता भरते, स्टेशनपासून बस आहे का, ही माहिती गावाकडे असते. आणि रेल्वेनेही प्रायोगिक थांब्याचा निकाल लावताना गाडी त्या वेळांना जुळत होती का आणि भाडे परवडणारे होते का, हे आधी तपासायला हवे.