सोलापूरच्या घरी चीनहून यायची पत्रं : डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कहाणी

आज गावातला पोरगा सैन्यात असला की रात्री जेवण झाल्यावर त्याचा व्हिडीओ कॉल येतो. आई त्याचा चेहरा बघते, बायको लेकराला फोनपुढं धरते. दोन दिवस रेंज नसली तरी घरातल्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. मग मंडळी विचार करा, ८०-८५ वर्षांपूर्वी ज्या घरातला पोरगा परक्या देशाच्या लढाईत गेला होता, त्या घरानं दिवस कसे काढले असतील? त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे पत्र. ते कधी यायचं, कधी नाही.

हे घर आपल्या सोलापूरचं. पोराचं नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. नाव बहुतेकांनी ऐकलंय, जुन्या माणसांनी सिनेमाही बघितलाय. पण घरच्या बाजूनं ही गोष्ट कमी सांगितली जाते, म्हणून आज ती सांगतो.

द्वारकानाथचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. वडील शांताराम कोटणीस मिलमध्ये नोकरीला होते आणि शहराच्या सार्वजनिक कामातही असायचे. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं आणि चळवळीचं शहर. १९३० साली इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी दिलं. त्या वेळी द्वारकानाथ विशीचा होता. असं सगळं आपल्याच शहरात घडलं की पोरांच्या मनावर त्याची छाप पडल्याशिवाय राहत नाही.

डॉक्टरकी शिकायला तो मुंबईत परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात आला. हे कॉलेज म्हणजेच केईएम हॉस्पिटलचं. आजही मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडं कुणाला मोठं दुखणं आलं किंवा गावाकडून पेशंट आणला, की पहिलं नाव केईएमचंच निघतं. त्याच आवारात द्वारकानाथ शिकला आणि डॉक्टर झाला. पुढच्या मोठ्या परीक्षेची तयारी चालू होती. ती झाली असती तर मुंबईत नाहीतर सोलापुरात दवाखाना निघाला असता, घराला हातभार लागला असता. आईबापाला आणखी काय पाहिजे असतं?

पण १९३७ च्या जुलैत जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. चीनची शहरं बॉम्बनं भाजून निघाली. जखमी लाखांनी आणि डॉक्टर मोजके, अशी तिथली अवस्था. तेव्हा चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. म्हणजे या कहाणीची सुरुवातही एका पत्रानंच झाली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी देशाला हाक दिली, वर्गणी गोळा झाली, औषधं आणि एक अँब्युलन्स घ्यायचं ठरलं, आणि जायला तयार असलेल्या डॉक्टरांची नावं मागवली. आपला देश तेव्हा स्वतःच गुलामीत होता, तरी दुसऱ्याच्या अडचणीला धावून जायचं ठरवलं, हे ध्यानात घ्या.

द्वारकानाथनं आपलं नाव दिलं आणि घरच्यांची परवानगी मागितली. आता सोलापुरातल्या घराला चीनची माहिती ती किती? दारावर रेशमी कापड विकायला येणारे चिनी फेरीवाले, एवढाच चीन त्यांना ठाऊक. बहीण मनोरमाताईंनी म्हातारपणीही ही आठवण सांगितली होती. पोरगा एवढ्या लांब जाणार म्हणून आईचा जीव खालीवर झाला. वडिलांनी मात्र पोराला बळ दिलं. बाप हो म्हणाला म्हणून पोराचा पाय निघाला.

१ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ बोटीनं पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि पाचवे आपले डॉ. कोटणीस. साधारण वर्षभर काम करायचं आणि परत यायचं, असा बेत होता. बोटीवरच्या पोराला निरोप देताना घरच्यांनीही वर्षाचाच हिशोब मनात धरला असणार.

महिना संपायच्या आत पाचही जण चीनमध्ये पोचले. जपानी फौज पुढं सरकत होती, तसं एकेक शहर सोडून यांना आत आत जावं लागत होतं. हानकोवहून निघून शेवटी ते चोंगचिंगला आले. इथून लाल सैन्याच्या मुक्कामी, म्हणजे येनानला जायची तयारी चालली होती. १९३९ चा जानेवारी होता. आणि तेवढ्यात घरून पत्र आलं. वडील गेले होते.

हे पत्र घरातून निघाल्यावर किती बंदरं, किती टपाल कचेऱ्या करत तिथं पोचलं असेल! ते हातात पडेपर्यंत इकडं सोलापुरात सगळे विधी आटोपलेले. आपल्याकडं बाप गेला की पोरगा कुठंही असू दे, निदान दहाव्याला तरी पोचावं म्हणून माणसं जीव टाकतात. इथं तर तेही हातात राहिलं नव्हतं. सोबतच्या डॉक्टरांनी त्याला घरी परत जायला सांगितलं. कुणीही नाव ठेवलं नसतं, कारण घरात आई होती, भावंडं होती, कमावतं माणूस गेलं होतं. द्वारकानाथनं विचार केला आणि राहायचं ठरवलं. ज्या कामाला वडिलांनी पाठवलं ते अर्धवट टाकून यायचं नाही, हे त्याच्या मनानं घेतलं.

हा निर्णय बरोबर की चूक, हे घरात बसून आपण काय ठरवणार? एक मात्र खरं. त्या निर्णयाची किंमत एकट्या द्वारकानाथनं मोजली नाही. सोलापुरातल्या आईनंही ती मोजली. नवरा गेला आणि पोरगा समुद्रापलीकडं. पुतळे उभारताना आपण हे विसरतो.

१२ फेब्रुवारी १९३९ ला हे पथक येनानला पोचलं. डोंगरात खोदलेल्या गुहांमध्ये दवाखाना, तिथंच राहणं. तिथं माओंशीही भेट झाली. वर्षाअखेरीला द्वारकानाथ आघाडीवर निघाला. पुढं हळूहळू पथकातले सोबती कमी होत गेले. चोळकर आणि मुखर्जी परतले, आजारपणामुळं डॉ. अटलही परतले. बसू आणि कोटणीस मागं राहिले.

आता टपालाचं ऐका. तो ज्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात काम करत होता, त्याच्या चारी बाजूंनी जपानी ठाणी. रस्ते, रेल्वे सगळं शत्रूच्या ताब्यात. माणसं रात्रीची पायवाटेनं ठाण्यांच्या फटीतून निसटायची, औषधंही तशीच यायची. अशा ठिकाणाहून सोलापूरचं पत्र सुटायचं कसं? त्यात डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं इंग्रजांविरुद्धही युद्ध पुकारलं. हाँगकाँग पडलं, १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला. चीनमधून हिंदुस्थानात यायच्या जुन्या वाटा एकेक करून बंद झाल्या. पत्रं विरळ झाली. लांबच्या माणसाची चिठ्ठी येईनाशी झाली की घरातलं माणूस पोस्टमनच्या सायकलकडं कसं बघत बसतं, हे जुन्या लोकांना विचारा.

आणि तिकडं तो काय करत होता? १९४० च्या दुसऱ्या सहामाहीत मोठी लढाई पेटली. जखमींची रीघ लागली. एका टप्प्याला त्यानं सलग तीन दिवस-तीन रात्री शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या काळात ८०० च्या वर जखमी सैनिकांवर उपचार झाले, असं तिथं आजही सांगतात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून याच मुलखात काम करता करता नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या शांतता रुग्णालयाचा संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांना नेमलं. तोवर त्यानं चिनी भाषा एवढी पक्की केली होती की विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवायचा. चिनी लोकांनी त्याचं नाव ठेवलं खे दिहुआ. रंगानं सावळा आणि मायाळू, म्हणून जखमी सैनिक त्याला प्रेमानं काळी आई म्हणायचे. मी शेतकरी माणूस. आपण काळी आई कशाला म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडच्या पोरांना आपला हा शब्द माहीत असायचं कारण नाही, तरी त्यांच्या तोंडून आपल्या माणसासाठी नेमका तोच निघाला. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

तिथंच त्याची गाठ क्वो छिंगलान या परिचारिकेशी पडली. ती बेथूनच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शिकवायची. १९४१ च्या अखेरीला दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. सोलापूरच्या घरात नातू जन्मला होता, पण आजीच्या मांडीपासून हजारो मैल लांब.

द्वारकानाथला मधून मधून फिट येत होती. अशात विश्रांती घ्यायला पाहिजे. पण लढाईत कसली विश्रांती! दिवसा दवाखाना, रात्री दिव्याच्या उजेडात शस्त्रक्रियेचं पुस्तक लिहायचं काम चाललेलं. डिसेंबर १९४२ मध्ये असंच लिहीत बसलेला असताना झटका आला, आणि ९ डिसेंबरच्या पहाटे त्याचा जीव गेला. वय ३२. पोरगं साडेतीन महिन्यांचं. पुस्तक अपुरं राहिलं. माओंनी लिहिलेल्या शोकसंदेशाचा मतितार्थ असा की सैन्याचा आधाराचा हात गेला आणि देशाचा एक मित्र गेला.

वर्षाच्या हिशोबानं निघालेला माणूस चार वर्षं झाली तरी परतला नव्हता, आणि आता येणारच नव्हता. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलं. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि स्वतःच कोटणीसांचं काम केलं. घराघरात नाव पोचलं.

पण ही कहाणी पडद्यावर संपली, घरात संपली नाही. छिंगलान पुढं अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. भाषा वेगळी, देश वेगळा, मध्ये १९६२ चं युद्धही होऊन गेलं, तरी हे नातं टिकलं. दुःखाची गोष्ट म्हणजे यिनहुआही डॉक्टरकी शिकत होता, आणि १९६७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. छिंगलान २०१२ मध्ये गेल्या. चीनचे मोठे पुढारी मुंबईत आले की कोटणीस कुटुंबाला भेटायचं, ही रीत पडली. २००६ मध्ये हू जिंताव आणि २०१३ मध्ये ली खछियांग यांनी ती पाळली. सोलापुरात भैय्या चौकात त्यांच्या घरी स्मारक झालंय. तिकडं चीनमध्ये शिच्याच्वांग शहरात शहिदांच्या स्मशानभूमीत त्याची समाधी आहे, आणि पूर्वजांना आठवायच्या दिवशी लोक आजही तिथं फुलं वाहतात.

सोलापूरला देवदर्शनाला, लग्नकार्याला किंवा बाजाराला गेलात तर अर्धा तास काढून ते घर बघून या, पोरांना सोबत न्या. पराक्रम तर सांगाच. पण ज्या दारात आई पत्राची वाट बघायची, ते दारही दाखवा. आणि तुमच्या घरातल्या ट्रंकेत एखाद्या जवानाचं, चाकरमान्याचं जुनं पत्र पिवळं पडून असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. घरी कुणीतरी त्याची फार वाट बघितलेली असते.