फादर स्टीफन्स: सर्प आणि कोकरू
इंग्लंडात जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, ते कायमचेच. साष्टीत देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांना बंदी होती. तिथल्या नवख्रिस्त्यांसाठी त्यांनी मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ साली छापले गेले. ऐकणाऱ्यांना खरी अडचण प्राण्यांची पडली असावी, असे आम्हाला वाटते. मलकपेठेतही आम्ही नागपंचमीला नाग पुजतो. बायबलात सर्प म्हणजे आदाम-एवेला भुलवणारा सैतान, आणि बळीचे कोकरू म्हणजे खुद्द येशू! विसाव्या शतकात सी. एस. लुईस यांनी नार्नियाच्या कथांत येशूला सिंहाचे रूप दिले. यादगिरीगुट्ट्याच्या नरसिंहाला जाणाऱ्या आम्हाला तो सिंह परका वाटत नाही. फादरांना ही सोय नव्हती. १६१९ साली ते गोव्यातच वारले.