आनंदीबाईंचा अभ्यास

आपल्या बेटावरची मुले मराठीचे धडे घडाघडा म्हणून दाखवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आम्ही शिक्षक मंडळी हे दरवर्षी पाहतो. म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रातील एक बदल आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदी झाली. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून, विधुर, वयाने बरेच मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट. इतर घरी स्वयंपाक बिघडला म्हणून बायकांना मार बसे. येथे पुस्तक सोडून चुलीपाशी गेल्या म्हणून बसे. गोपाळरावांचे पुष्कळ लोक कौतुक करतात, पण आम्हांला तो मार काही पटत नाही. धाकाने आनंदीबाईंना वाचता आले, इंग्रजीही आले. मात्र तो अभ्यास नवऱ्याचा होता.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका लाजत, आणि आपल्यातली बाई डॉक्टर तर नव्हतीच. पुढे त्यांनी वैद्यक शिकायचे ठरवले. हा अभ्यास मात्र त्यांचा स्वतःचा.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, पतीशिवाय. अमेरिकेत न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले. पत्रांतून जुळलेले हे नाते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मग फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. वय अठरा. तिकडची कडक थंडी, अंगावर लुगडे, जेवण शाकाहारी, प्रकृती आधीच नाजूक. आणि सारी शास्त्रे परक्या भाषेत.

शेवटी प्रबंध लिहायचा होता. आनंदीबाईंनी विषय घेतला हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. ज्या बाळंतपणाने मूल हिरावले, त्याच गोष्टीकडे त्या डॉक्टर होऊन वळल्या. आयुर्वेदातील जुने ज्ञान आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके त्यांनी त्यात एकत्र आणली. घरचे आणि परके असे दोन कप्पे त्यांनी डोक्यात केले नाहीत, हे आम्हांला विशेष वाटते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. पण क्षयाने गाठले. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या जागेवर एक दिवसही काम करता आले नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत. तेथील दगडावर त्यांच्या नावापुढे एम. डी. कोरलेले आहे.