मोलोकाईचे संत डेमियन



प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले, हे शुभवर्तमान आपण अनेकदा ऐकले आहे. लोक ज्याच्यापासून दूर पळत, त्याला प्रभूने स्पर्श केला. तोच स्पर्श संत डेमियन यांनी आयुष्यभर जगून दाखवला.

३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव जोसेफ. हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी खरे तर त्यांचे थोरले बंधू जाणार होते. ते आजारी पडले, म्हणून त्यांच्या जागी डेमियन गेले. १८६४ साली होनोलुलू येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. १८६५ च्या कायद्यानुसार रोग्यांना घरादारापासून तोडून मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडत. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उंच कडा. तेथे आळीपाळीने जाण्यास बिशपांकडे चार धर्मगुरू तयार झाले. पहिली पाळी डेमियन यांची होती. १० मे १८७३ रोजी ते तेथे उतरले आणि कायमचे तेथलेच झाले.

सुरुवातीच्या रात्री त्यांनी देवळाजवळच्या एका झाडाखाली काढल्या. जखमांची दुर्गंधी सहन होईना, म्हणून ते पाईप ओढू लागले. पण ते मागे फिरले नाहीत. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, नळाने पाणी आणले, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या. रोग्यांच्याच ताटात ते जेवले. त्यांनी गायकवृंद आणि वाद्यवृंद उभा केला. ज्यांच्या हातांची बोटे झडली होती, तेही सणाला वाजवू लागले. रोग बरा झाला नव्हता. पण ज्यांना जगाने जिवंतपणीच मेलेले ठरवले होते, ते देवळात मोठ्याने गाऊ लागले.

डेमियन यांना एकाकीपणाही सोसावा लागला. एकदा वरिष्ठ धर्मगुरू जहाजातून आले, पण कोणालाही उतरण्याची वा चढण्याची परवानगी नव्हती. तेव्हा डेमियन यांनी लहान होडीतून, सर्वांदेखत, मोठ्याने आपल्या पापांची कबुली दिली. पवित्र साक्रामेंतासमोरची प्रार्थना हाच त्यांचा आधार होता.

१८८४ च्या अखेरीस कढत पाण्यात पाय बुडाला, तरी त्यांना चटका जाणवला नाही. त्यांनी ओळखले, आपल्यालाही कुष्ठरोग झाला आहे. तरीही जगातला सर्वांत सुखी मिशनरी आपणच, असे त्यांनी पत्रात कळवले. पुढे मदर मेरिॲन कोप आणि त्यांच्या धर्मभगिनी सेवेला आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र सप्ताहात, ४९ व्या वर्षी डेमियन प्रभूघरी गेले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचा सण १० मे रोजी असतो.

आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. मात्र त्याची भीती आणि लाज अजून गेलेली नाही. कुष्ठरोग असो, क्षयरोग असो वा एड्स, रोग्याच्या घरी जाणारी पावले थांबतात, त्याच्या घरचा चहा नको होतो. आपल्या धर्मग्रामात असे एखादे दार असेल, तर या आठवड्यात ते ठोठावूया, त्या घरात थोडा वेळ बसूया. डेमियन यांना आनंद अशाच घरांत सापडला होता.

संत डेमियन, आमच्यासाठी विनंती कर.